काल्मेतच्या मांडवाखाली

शनिवार, तिराना

अल्बेनियाला द्राक्षं बघायला चाललोय म्हटल्यावर म्युनिकमधल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न, "तिथे पिकतात?" पिकतात, आणि फार जुन्या काळापासून पिकतात. देश केवढा, तर 28,748 चौरस किलोमीटर. नाशिक आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर याहून मोठे भरतील. पण कॅबर्ने, मर्लो या फ्रेंच जातींनी जगभरच्या बागा व्यापल्या, तरी इथे स्वतःच्या जाती अजून टिकून आहेत. शेश, काल्मेत, व्लोश, पुलस, देबिना. बाहेर कुणी नावं ऐकलेली नसतात, कारण बाटल्या देशाबाहेर फारशा जातच नाहीत.

सोबत माझा चुलतभाऊ, निफाडचा. दादा मुक्कामाला माझ्याकडे आला होता आणि जर्मनीतले किल्ले बघून कंटाळला होता. त्याच्या पासपोर्टवर एकदा वापरलेला, अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा होता, त्यावर अल्बेनियात जाता आलं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या द्राक्षं आहेत, पण सगळी खायची. वाइन पिणारी मी एकटी. दादाच्या लेखी वाइन म्हणजे एक्स्पोर्टला न गेलेल्या मालाचं काहीतरी.

विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. "आपल्या कलकत्त्याच्या ना त्या?" दादा पासपोर्टच्या रांगेत मोठ्यानं म्हणाला. जन्म स्कोप्येचा, घर अल्बेनियन, काम कलकत्त्याचं. तिन्ही ठिकाणची माणसं त्यांना आपलं म्हणतात.

संध्याकाळी ब्लोकू भागात गेलो. साम्यवादी राजवटीत हा भाग पक्षाच्या वरच्या नेत्यांसाठी राखीव होता, सामान्य माणसाला इथे पाऊल टाकायची सोय नव्हती. आता चारी बाजूंना कॉफीची दुकानं आणि बार. एका बारमध्ये 'शेश इ झी' मागवली. ही देशात सगळ्यात जास्त लागवडीची काळी जात, मूळ तिरानाजवळच्या टेकड्यांतली. गडद रंग, कोरडी, टाळूला चांगलीच तुरट. मला आवडली. दादानं एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, "रंग मस्त धरलाय." बागायतदाराची दाद एवढीच.

रविवार, लेझ

तिरानाहून उत्तरेला लेझ साधारण सत्तर किलोमीटर. जायला फुर्गोन, म्हणजे आपली वडाप. भरली की निघते, वेळापत्रक वगैरे काही नाही. दादाला एकदम घरच्यासारखं वाटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेट्रोलपंप आणि गाड्या धुवायची ठिकाणं, इतकी की या देशात गाड्या चालवण्यापेक्षा धुतातच जास्त की काय असं वाटावं. मधेच शेतात सिमेंटचे अर्धगोल बंकर. साम्यवादी हुकूमशहा एन्वर होज्जाच्या काळात शत्रू येईल म्हणून देशभर हजारोंनी बांधले. शत्रू आला नाही. बंकर इतके पक्के, की फोडणं परवडत नाही. नांगर त्यांना वळसा घालून जातो.

लेझमध्ये स्कंदरबेगची समाधी आहे. ऑटोमन फौजांना पंचवीस वर्षं झुलवणारा हा सरदार 1468 मध्ये इथेच वारला. 1444 मध्ये अल्बेनियातल्या सरदारांना त्यानं एका तहात बांधलं, तेही याच गावात. समाधी जुन्या चर्चच्या भिंतींत आहे. आत त्याच्या शिरस्त्राणाची प्रतिकृती, वर बोकडाचं मुंडकं. अस्सल शिरस्त्राण व्हिएन्नाला. दादानं डोकं टेकवलं. कुणाचीही समाधी असो, तो टेकवतो.

रात्री बंदराच्या बाजूला एका बऱ्यापैकी महागड्या हॉटेलात जेवलो आणि जिच्यासाठी एवढ्या लांब आलो ती काल्मेत पहिल्यांदा समोर आली. जड बाटली, सोनेरी अक्षरं, नव्या ओकच्या पिंपात मुरवलेली. वेटरनं पांढरा रुमाल हातावर टाकून ओतली. वास घेतला, तर व्हॅनिला. घोट घेतला, तरी व्हॅनिला, मागे भाजलेलं लाकूड, आणि त्याच्याही मागे कुठेतरी आंबट फळ, दबून बसलेलं. वाइन वाईट नव्हती. पण ही बाटली चिलीतून आली, असं कुणी सांगितलं असतं तरी मी मान्य केलं असतं. एवढ्या पैशात असं ऐकून घ्यायची पाळी त्या द्राक्षावर का यावी?

काल्मेत हे मुळात मध्यम अंगाचं द्राक्ष. त्याची खरी कमाई आंबटपणा आणि मसाल्याचा वास. नवं ओक त्याच्यावर बसलं की उठत नाही. परदेशी गिऱ्हाइकाला ओळखीची चव हवी असते हे समजतं, पण ओळखीची चव हवी असणारा माणूस अल्बेनियाची बाटली घेतो कशाला?

सोमवार, काल्मेत

लेझच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी काल्मेत गाव आहे. द्राक्षाला गावाचं नाव. पुढे झाद्रिमाचं सपाट मैदान पसरलेलं, मागे चुनखडीचा डोंगर, आणि पश्चिमेला एड्रियाटिक समुद्र फारसा लांब नाही. दिवसा तापतं, संध्याकाळी वारं सुटतं. सप्टेंबर संपत आला होता. काल्मेत उशिरा पिकतं, बऱ्याच बागांत घड अजून वेलीवरच होते.

ज्यांच्याकडे गेलो ते सत्तरीचे शेतकरी. त्यांचा मुलगा स्टुटगार्टला गाड्यांच्या कारखान्यात, काढणीसाठी सुट्टी घेऊन आलेला. बोलणं त्याच्या जर्मनमधून, माझ्या जर्मनमधून, मग मराठीतून दादाकडे. आल्याआल्या कॉफी, आणि कॉफीबरोबर राकीचा, म्हणजे इथल्या कडक दारूचा, छोटा ग्लास. सकाळचे साडेनऊ वाजले होते. नको म्हणायची सोय नव्हती.

बागेत शिरताच दादाचा नूर बदलला. त्यानं आधी पानं उलटी करून पाहिली. "भुरी आहे थोडी. डावणी नाय." दोन्ही द्राक्षावरचे रोग. मग ओलांड्यावरून, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरून, हात फिरवला, काडीची जाडी बघितली, दोन वेलींमधलं अंतर पावलांनी मोजलं. म्हातारे लांबून बघत होते. मग दादानं खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला. जर्मनीच्या सहलीला साखर मोजायचं यंत्र घेऊन येणारा हा एकच माणूस मला माहीत आहे. घडाच्या खालच्या टोकाचा एक मणी खुडला, काचेवर रस पिळला, झाकण दाबलं, आणि डोळा लावून सूर्याकडे तोंड करून उभा राहिला. साखर बावीस. त्यानं यंत्र म्हाताऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाहिलं, आणि डावीकडून उजवीकडे मान हलवली. मला वाटलं पटलं नाही. मुलगा हसून म्हणाला, इथले जुने लोक हो म्हणताना मान आडवी हलवतात. दादा म्हणाला, "मग आपल्यातलेच आहेत की." आणि खरंच, दिवसभर दोघांचं अर्धं बोलणं मानेनंच झालं.

घड मध्यम घट्ट, मणी गोल, काळेनिळे, वर पांढरी लव. मी मणी तोंडात टाकला. साल पातळ, गर रसाळ, बिया मोठ्या. गोड आहे पण गोडीबरोबर आंबट लगेच येतं. आपल्याकडच्या बिनबियांच्या थॉमसनसारखं नुसतं गोड होऊन संपत नाही.

"वर्षाला छाटणी किती वेळा?" म्हाताऱ्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "दोनदा." एप्रिलला खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी; पहिली काडीसाठी, दुसरी मालासाठी. त्यांना हे काही केल्या पटेना. इथे हिवाळ्यात पानं झडतात, वेल झोपते, फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा कात्री लावली की काम झालं. दोनदा कापल्यावर वेल रागवत नाही का, त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, आमच्याकडे थंडी एवढी नसते, वेल झोपतच नाही, तिला कापूनच सांगावं लागतं कधी फुटायचं ते. हे भाषांतर करताना माझी जर्मन तोकडी पडली, पण म्हाताऱ्यांना बहुतेक कळलं. थोडा वेळ ते वेलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या वेलीला पगार जास्त द्यायला हवा."

बाग सगळी मिळून सव्वा हेक्टर, म्हणजे तीन एकराच्या आसपास, तीही तीन तुकड्यांत, मधे दुसऱ्यांची शेतं. याला कारण आहे. होज्जाच्या राजवटीत जमिनी सहकारी शेतीत गेल्या होत्या, शेतकरी तिथे मजूर. 1991 मध्ये नव्या जमीन कायद्यानं ती सगळी जमीन घराघरांत वाटली. प्रत्येकाला चांगल्या जमिनीतला थोडा, हलक्या जमिनीतला थोडा, असे तुकडे मिळाले. वाटप न्यायाचं झालं, पण ट्रॅक्टर वळायला जागा राहिली नाही. त्याच धामधुमीत सामुदायिक बागांची दैना झाली. लोकांनी खांब उपटून नेले, तारा नेल्या, वेली सरपणाला गेल्या. तरणी मुलं इटली-ग्रीसला निघून गेली, बागा पडल्या त्या पडल्याच. नंतर पुन्हा लावायची वेळ आली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी परदेशी जाती आल्या, कारण रोपं त्यांची मिळत होती आणि बाजारही त्यांचाच होता.

मग यांची काल्मेत वाचली कशी? म्हाताऱ्यांनी घराकडे बोट केलं. अंगणात मांडव होता, वर एक वेल, खोड मांडीएवढं जाड. सहकारी शेतीच्या काळात अंगणातला मांडव सरकारनं घेतला नव्हता. तेवढी सावली आणि तेवढी द्राक्षं घराची होती. नव्वदच्या दशकात पुन्हा बाग लावायची ठरली, तेव्हा काड्या याच वेलीवरून काढल्या. दादानं विचारलं, खुंटावर आहे का? मांडवावरची नाही, स्वतःच्या मुळावर. बागेतली मात्र अमेरिकन खुंटावर कलम केलेली. दादा मांडवाखाली जाऊन खोडाला हात लावून आला.

आमच्या आजोबांच्या बागेत भोकरी होती. हिरवट-पिवळी, बियांची. पुढे थॉमसन आली, बिनबियांची, बाजाराला हवी तशी, आणि भोकरी गेली. आमच्या अंगणात मांडव नव्हता. दादा हे म्हाताऱ्यांना सांगेल असं मला वाटलं, पण त्यानं सांगितलं नाही. मीही काढलं नाही.

दुपारी तळघरात. तळघर म्हणजे घराच्या मागची थंड खोली. कोपऱ्यात दामिजाना, प्लास्टिकच्या जाळीतले मोठे काचेचे बुधले. शेजारी तांब्याचा काझान, भट्टीचं भांडं. वाइन काढून उरलेला चोथा त्यात जातो आणि त्याची राकी होते. सकाळी साडेनऊला आमच्या घशाखाली उतरली ती गेल्या वर्षीच्या चोथ्याची.

वाइनची कृती साधी. द्राक्षं देठं काढून चुरायची, सालीसकट टाकीत ठेवायची, आंबायला लागली की साली वर तरंगून जाड थर होतो, तो दिवसातून दोन-तीनदा लाकडानं खाली दाबायचा. रंग सालीत असतो, रसात नसतो. दाबलं नाही तर रंग नीट उतरणार नाही. आठवडाभरानं पिळायचं, बुधल्यात भरायचं, थंडीभर निवळू द्यायचं. ओक नाही, व्हॅनिला नाही.

त्यांनी रबरी नळी बुधल्यात सोडली, तोंडानं ओढली आणि पाण्याच्या साध्या ग्लासात ओतली. रंग कालच्यापेक्षा उजळ, माणकासारखा, ग्लासातून बोटं दिसत होती. वासात आधी आंबट चेरी, मग काळी मिरी, मग काहीतरी सुकलेल्या पाल्यासारखं. घोट घेतला. जिभेच्या दोन्ही कडांना आंबट झणका, मग फळ, आणि गिळल्यावर हिरड्यांवर बारीक तुरटपणा राहिला, डोंगरातली करवंदं खाल्ल्यावर राहतो तसा. किंचित धुरकट होती, गाळलेली नव्हती. तळाशी गाळ होता. कालच्या सोनेरी अक्षरांच्या बाटलीत जे दबून बसलं होतं ते इथे मोकळं होतं.

सगळंच छान होतं असं म्हणणार नाही. दुसऱ्या एका बुधल्यातली त्यांनी कौतुकानं दिली, ती व्हिनेगरच्या वाटेवर होती. बुधला अर्धा रिकामा राहिला की वर हवा राहते आणि वाइन आंबून जाते, हे मुलाला माहीत होतं, त्यानं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी दुसरीकडे पाहिलं. घरची वाइन म्हणजे पवित्रच, असं मानणारे प्रवासी असतात, मी त्यातली नाही. स्वच्छ टाकी आणि भरलेला बुधला एवढं मात्र पाहिजेच. ओक नको म्हणजे हयगय हवी असं नाही.

आणि दादा? दादानं पहिला ग्लास संपवला. दुसरा मागितला. "ही द्राक्षाची लागते," एवढंच बोलला.

निघताना वाइन विकत मागितली. म्हाताऱ्यांनी दीड लिटरची पाण्याची बाटली धुऊन भरून दिली आणि म्हणाले, पाच हजार. दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मुलगा धावून आला. 1965 मध्ये लेकमधलं, म्हणजे इथल्या चलनातलं, एक शून्य कमी झालं, पण इथे अजून लोक तोंडानं जुन्या लेकचाच हिशेब करतात. पाच हजार म्हणजे पाचशे, साधारण पाच युरो. दादानं आनंदानं पैसे दिले, वर एक हस्तांदोलन.

मंगळवार, फिश्त आणि श्कोदर

झाद्रिमाच्याच मैदानात फिश्त गाव आहे, कवी ग्येर्ग्य फिश्ता यांचं जन्मगाव. आता लोक तिथे जेवायला जातात. इटलीत काम करून परत आलेल्या आल्तिन प्रेंगा या शेफनं भावासोबत 'म्रिझी इ झानावे' हे शेतावरचं भोजनगृह उभं केलं. माल आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून घेतात. बकऱ्याचं मांस, घरचं चीज, लोणची, डाळिंब, आणि ग्लासात काल्मेत. बकऱ्याची चरबी आणि त्या वाइनचा आंबटपणा यांची अशी जोडी जमते, की नुसती वाइन चाखून मत देणं किती अर्धवट आहे ते कळतं. हिच्यात लाकूड थोडं होतं, पण वागायला समजूतदार. दादा मटणाला तिखट नाही म्हणून हळहळला, आणि तीनदा वाढून घेतलं.

श्कोदरला पोचेपर्यंत ऊन कलतीला लागलं. रोझाफा किल्ला तीन नद्यांच्या संगमावर, वरून श्कोदरचा तलाव दिसतो, पलीकडे मॉन्टेनेग्रो. किल्ल्याची गोष्ट अशी: भिंत दिवसा बांधावी, रात्री पडावी, शेवटी तीन भावांपैकी धाकट्याच्या बायकोला पायात चिणलं. तान्हं बाळ होतं म्हणून तिनं एक डोळा, एक हात, एक पाय आणि एक स्तन बाहेर ठेवायला सांगितलं, बाळाला बघता यावं, कुरवाळता यावं, पाळणा हलवता यावा, पाजता यावं. दादानं ऐकलं आणि म्हणाला, "आपल्याकडे पण बुरुजात बळी दिल्याचं सांगतात. धाकट्या सुनेलाच का पण?" वेशीपाशी भिंतीवर पांढुरके ओघळ आहेत, ते तिचं दूध म्हणतात. चुनखडीचे असणार. तिथे बोलले नाही.

श्कोदरला स्लाव्ह लोक स्कादर म्हणतात. हंगेरीतल्या कादार्का या काळ्या द्राक्षाचं मूळ इथलं आणि काल्मेत तिची बहीण, असं इथे अभिमानानं सांगतात. अभ्यासकांत त्यावर वाद आहे. मी बुडापेस्टला कादार्का प्यायलेय. उजळ रंग आणि मिरी दोन्हींत आहे, काल्मेतचा आंबटपणा जास्त टोकदार. माझ्या जिभेला बहिणी नाही, पण मावस-चुलत नक्की वाटल्या.

रात्री तलावातल्या कार्प माशाचं तावे क्रापी खाल्लं, आणि माशाबरोबर लाल वाइन नको हा नियम काल्मेतनं मोडून दाखवला. चिंचेसारख्या आंबट रश्श्याला तीच पुरली.

बुधवार, तिरानाहून परत

निघायच्या आधी दादानं स्टुटगार्टवाल्याला फोन लावायला सांगितला. मांडवावरच्या वेलीच्या चार काड्या मिळतील का? म्हातारे म्हणाले, आता कापली तर मरेल, फेब्रुवारीत ये, वेल झोपलेली असताना. दादानं समजावलं, की भारतात परदेशी काड्या न्यायला आधी परवाना लागतो, मग विलगीकरण, बरीच भानगड आहे. फोनवर मान आडवी हलली असावी, कारण उत्तर आलं नाही.

विमानतळावर बाटल्यांचा हिशेब. अल्बेनिया युरोपीय संघात नाही, त्यामुळे जर्मनीत माणशी चार लिटर वाइनच करमुक्त नेता येते, आणि दादाला पुढे मुंबईत दोनच लिटर. एक लेबलवाली आणि अर्ध्याहून जास्त जागा शिल्लक, किंवा पाण्याची दीड लिटरची बाटली. मी म्हटलं, दादा, लेबलवाली ने, लोकांना दाखवता येईल. तो म्हणाला, "लेबल तू ठेव. घरी अण्णांना दिसतंय कुठे आता? पण वास येतो त्यांना." बाटली तीन पिशव्यांत आणि माझ्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या बॅगेत गेली, टॉवेल परत आलेला नाही.

निफाडला पोचल्यावर त्याचा मेसेज आला. अण्णांनी अर्धी वाटी घेतली, "आंबट आहे" म्हणाले, आणि उरलेली कुठे ठेवलीय ते विचारलं.